साहेबांनी नोकरी लावली म्हणे

मॅट्रिक झाले तेव्हा मी गोंदियाला मामाकडे होते. बाबा त्याच्या आधीच भिलाईला गेले होते. गावची धानाची शेती भावांवर सोडून ते पोलादाच्या नव्या कारखान्याच्या पायाच्या खणकामावर मजूर म्हणून लागले, आणि पुढे भट्ट्या उभ्या राहायला लागल्या तसे त्यांना खलाशी म्हणून घेतलं. खलाशी म्हणजे जहाजावरचा नव्हे. लोखंडाचे अवजड तुकडे साखळदंडांनी बांधून वर चढवणारा. कॅम्प-१ या मजुरांच्या वस्तीत त्यांना दोन खोल्या मिळाल्या तेव्हा माय गेली, आणि निकाल लागल्यावर मीही गेले.

आमच्या घरात मॅट्रिक झालेली मी पहिलीच. दुर्गला जाऊन टायपिंगही शिकले. भिलाईत तेव्हा रोज नवं ऑफिस उघडत होतं, पत्र्याच्या शेडमध्येसुद्धा टाइपरायटर खडखडत असायचे. मला वाटलं, आता काय, आठवड्याभरात नोकरी.

किती भोळी होते मी!

पहिल्या ऑफिसात बाबूने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्यासोबत आलेल्या बाबांना विचारलं, “लड़की आपकी है? शादी क्यों नहीं कर देते?” बाबा कसंनुसं हसले. दुसऱ्या ठिकाणी अनुभव मागितला. अनुभव कुठून आणायचा, कोणी पहिल्यांदा ठेवल्याशिवाय? तिसऱ्या ठिकाणी माझं सर्टिफिकेट उलटसुलट करून बाबू म्हणाला, हे तर बाहेरच्या राज्याचं. मी शाळेत जायला लागले तेव्हा गोंदिया आणि दुर्ग एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. शाळेत असतानाच नकाशा बदलला. मी कुठेच हलले नव्हते, सरहद्द हलली होती, आणि त्याचा जाब मला विचारला जात होता. मग रहिवासाचा दाखला आणा, त्याच्या खऱ्या नकला करा, नकलांवर अधिकाऱ्याची सही घ्या, सहीसाठी अधिकारी जागेवर सापडेपर्यंत व्हरांड्यात उभ्या राहा. बसायला बाक असायचे, पण त्यावर पुरुष बसलेले असत आणि मी जवळ गेले की सगळे एकदम गप्प होत. मी उभीच राहायचे.

सकाळी त्याच रस्त्याने, कारखाना उभारायला आलेल्या रशियन बायका बसने कामावर जायच्या. डोक्याला रुमाल, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, खिडकीतून मोठ्याने बोलत. आमचे बाबू लोक त्यांना वाकून नमस्ते करायचे आणि आत येऊन मला विचारायचे, “पिताजी से पूछ के आई हो?” माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एक दिवस बाबा खुशीत घरी आले. सेक्टर १० मध्ये, अधिकाऱ्यांच्या वसाहतीत, एक साहेब राहतात, आपल्याच नागपूरकडचे मराठी, आणि भरतीच्या ऑफिसात मोठ्या जागेवर आहेत, असं त्यांना कामावर कळलं होतं.

“आपला माणूस हाये,” बाबा मायला म्हणाले. “तो एक शबद टाकीन तं काम होऊन जाईन.”

गावाहून आलेला चिन्नोर तांदूळ घरात होता. सणासुदीला शिजवायचा म्हणून मायने जपून ठेवलेला. तो पिशवीत भरून बाबा मला घेऊन सेक्टर १० ला गेले. साहेब पुढच्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते. बाबा उभे राहिले, म्हणून मीही. साहेबांनी माझे कागद चाळले आणि म्हणाले, “छान. बघतो मी. सध्या टायपिस्टच्या जागा निघालेल्या नाहीत. निघाल्या की पहिला निरोप तुम्हाला.”

“तुमची मेहेरबानी जी,” बाबा म्हणाले.

आतून साहेबांच्या बाई आल्या. पिशवीत हात घालून त्यांनी तांदळाचा वास घेतला, मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “घरी बसून काय करतेस तोवर? आमची मुलगी इथल्या शाळेत नुसतं हिंदी बोलायला लागलीय. दुपारी येत जा, तिला मराठी लिहायला-वाचायला शिकव.”

बाबांनी माझ्या वतीने लगेच होकार देऊन टाकला.

मी जायला लागले. कॅम्पातून निघायचं, रूळ ओलांडायचे, मग सरळ आखलेल्या त्या लांबच लांब रस्त्यांनी चालत जायचं. झाडं नुकतीच लावलेली, गुडघ्याएवढी, सावली कुठेच नाही. मुलगी चांगली होती, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण धडा संपला की बाई हाक मारायच्या. “जरा लोकर धरतेस?” मग लोकर धरण्यावरून स्वेटर विणण्यावर आलं. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक घोटला, गच्चीवर कुरडया घातल्या, वाळल्या की डब्यात भरल्या. पाहुणे आले की चहाचा ट्रे माझ्या हातात. पाहुण्यांना बाई सांगायच्या, “आमच्याकडे येते ही. गरीब आहे, पण स्वच्छ आहे हो.” मी मॅट्रिक आहे हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

मधूनमधून मी साहेबांना विचारायचे. ते वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणायचे, “फाईल वर गेलीय. धीर धर.”

मी धीर धरला. घरी बाबा विचारायचे, मी तेच सांगायचे, आणि त्यांना हायसं वाटायचं.

मग एकदा पॉवर हाऊस भागातल्या बाजारात माझ्यासोबत टायपिंग शिकलेली मुलगी भेटली. ती मल्याळी, भावाकडे राहायची. खांद्याला नवी पर्स, चालण्यात वेगळाच तोरा. मला पाहून धावतच आली.

“तुम टेस्ट में क्यों नहीं आई?” तिने विचारलं.

“कौन सी टेस्ट?”

“अरे, टाइपिस्ट की! नोटिस तो कब से लगा था. मैं सोची, तुमको दूसरी जगह मिल गया.”

नोटीस कुठे लागली होती, ते तिने सांगितलं. साहेब ज्या इमारतीत बसायचे त्याच इमारतीच्या दाराजवळ. ते रोज त्या फळ्यासमोरून आत जात होते. परीक्षा झाली, मुलाखती झाल्या, मुलं-मुली कामाला लागलीसुद्धा, आणि त्या सगळ्या काळात मी गच्चीवर त्यांच्या कुरडया उलट्या करत होते.

बाजारातून मी घरी गेलेच नाही, तशीच भाजीच्या पिशवीसकट सेक्टर १० ला गेले. साहेब घरी होते.

“साहेब, टायपिस्टची परीक्षा झाली म्हणतात.”

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग अगदी शांतपणे म्हणाले, “हो, झाली ना. पण ती जागा तुझ्यासारखीला बरी नव्हती. सगळे पुरुष तिथे. वडील शिफ्टला जातात तुझे, उद्या काही कमीजास्त झालं तर? मी तुझ्या भल्याचाच विचार केला.”

“मला सांगायचं तरी होतं.”

बाई दारात उभ्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, “आणि तू गेली असतीस तर आमच्या मुलीच्या मराठीचं काय झालं असतं गं? तिची परीक्षा होऊ दे, मग बघू तुझं.”

चेष्टेत म्हणाल्या असं कोणाला वाटेल. चेष्टा नव्हती ती. मनातलं तेच तोंडावर आलं. मी विणत होते तो स्वेटर तिथेच खुर्चीवर होता, एका बाहीचा. मी बाहेर पडले. बोलायला गेले असते तर रडले असते, आणि त्या दोघांसमोर मला रडायचं नव्हतं.

घरी सांगितलं तर मायने विळी बाजूला सरकवली आणि साहेबांच्या साऱ्या खानदानाचा उद्धार केला. बाबा मात्र खाटेवर बसून होते. ते म्हणाले, “मोठ्या माणसाले नाराज नाही करा लागत. तू उद्या जाजो. पुढच्या बारीले करतीन ते.”

“कावून जाईन ते?” माय कडाडली. “मोलकरीण ठेवाची असंन तं पैसे देऊन ठेवा म्हना! मायी पोट्टी मॅट्रिक हाये.”

“तुले का समजते? उद्या माया कागद त्याच्याच टेबलावर जाईन!”

बाबांची नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. ती भीती खोटी नव्हती, हे मला त्या वेळीही कळत होतं. पण त्या भीतीचं भाडं मी का भरायचं? मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी बंगल्यावरचा चपराशी निरोप घेऊन आला, बाईंनी बोलावलंय. मी दारातूनच सांगितलं, “मी नोकरी शोधून राहिली. मले टाइम नाही, म्हना.”

त्यानंतर मी एकटीच हिंडायला लागले. रोज सकाळी नोटिसांचे फळे स्वतः वाचायचे. मल्याळी मैत्रीण तिच्या ऑफिसातली खबर द्यायची. अशीच एका फळ्यावर पुढची परीक्षा दिसली आणि मी अर्ज हातोहात नेऊन दिला, पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हटले नाही.

परीक्षेला मला जी मशीन मिळाली तिची एक कळ दाबली की वर येतच नव्हती. मी हात वर केला.

“मशीन खराब है, बदल दीजिए.”

पर्यवेक्षक वैतागला. “सुबह से सब इसी पर कर रहे हैं. करना है तो करो, नहीं तो घर जाओ.”

खोलीतली मुलं हसली. इतक्या महिन्यांचं सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात चढलं. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, “आप खुद इस पर एक लाइन टाइप करके दिखाइए. मैं घर चली जाऊँगी.”

तो पुटपुटत आला, दोन शब्द मारले, कळ अडकली. खोलीत कोणी हसलं नाही. मला दुसरी मशीन मिळाली.

मुलाखतीत अपेक्षेप्रमाणे तेच. “शादी के बाद नौकरी छोड़ देंगी तो?” मी म्हणाले, बाहेर बसलेल्या मुलांचीही लग्नं व्हायची आहेत, त्यांना हा प्रश्न विचारला का? तिघांतला एक जण खाली बघून हसला. बाकीच्या दोघांना राग आला असावा. तरी मी लागले. माझा टायपिंगचा वेग त्यांना नाकारता आला नाही, दुसरं काही कारण नाही.

इथवर ठीक होतं. पण संक्रांतीला मराठी मंडळींचं हळदीकुंकू होतं. मायला आणि मला बोलावणं आलं. तिळगूळ वाटत असताना साहेबांच्या बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्या बायकांना सांगायला लागल्या, “हिला आमच्या ह्यांनीच लावलं बरं का. इतके दिवस आमच्याकडेच असायची, घरच्यासारखी.”

बायका कौतुकाने माना डोलवायला लागल्या. मायचा चेहरा पडला. मी तो हात खांद्यावरून काढला.

“नाही बाई,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. “साहेबांनी मला परीक्षेचं सांगितलंही नव्हतं. मी स्वतः अर्ज केला, स्वतः परीक्षा दिली.”

कुणीतरी घाईघाईने अत्तरदाणी पुढे केली. त्यानंतर आम्हाला अशा समारंभांची बोलावणी यायची बंद झाली, आणि मी उर्मट आहे असं सेक्टरात बरीच वर्षं बोललं जायचं. बाबांचं काम पुढे कायम झालं, त्यात कोणी आडवं आलं नाही. पण बाबा स्वतःच लोकांना सांगत राहिले की साहेबांच्या कृपेने पोरगी लागली. मी एकदा त्यांच्याशी यावरून भांडले, तर म्हणाले, “असं म्हनलं तं कोनाचं का जाते?”

माझं जात होतं. त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मला कळलं की आमच्याच कॅम्पातली दुसरी एक मुलगी बंगल्यावर जायला लागली आहे, शिकवायला. मी तिच्या घरी गेले आणि तिच्या वडिलांना सगळं सांगितलं. ते माझ्यावरच उखडले.

“तुयं झालं ना? मंग आता आमच्या पोरीच्या आड कावून येऊन राहिली?”

मुलगी आत चुलीजवळ बसून ऐकत होती. मी जाताना तिच्याकडे पाहून एवढंच म्हटलं की नोटीस कुठे लागते ते ऑफिसच्या दाराशी जाऊन स्वतः वाचत जा. तिने मान वर केली नाही, मला वाटलं फुकट गेलं.

पावसाळ्यानंतरच्या परीक्षेला ती आलेली मला व्हरांड्यात दिसली, बाकावर पुरुषांच्या शेजारी बसलेली. त्या वेळी ती पास झाली नाही. पुढच्या वेळी झाली.