गाळ राहू द्या

"मॅडम, गाळ राहू द्या." मशीनमधून फिरून आलेली नळी खिडकीच्या उजेडात धरून आमचे जुने टेक्निशियन चाचा रोज हेच म्हणायचे.

नांदेडच्या आमच्या लॅबमध्ये रुग्णांच्या पोटातलं, छातीतलं पाणी तपासायला यायचं. नळीच्या तळाशी बसलेल्या गाळाचा थेंब काचेवर पसरून मी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. उरलेला गाळ चाचा मेणात बसवायचे आणि त्या मेणाच्या वडीचे पातळ काप काढायचे. यात एक दिवस जास्त जायचा, आणि माझा जीव नुसता मेटाकुटीला यायचा.

"काचेवर माणूस दिसतो मॅडम, वडीत खानदान!" म्हणजे काचेवर पेशी सुट्या दिसतात, कोण कुणाला चिकटून बसलंय, ते वडीतच कळतं. मी हसायचे. मी एवढी शिकलेली डॉक्टर, आणि हे मला शिकवणार!

एकदा लोह्याच्या एका बाईच्या पोटातलं पाणी आलं. तिचा नवरा बाहेर बाकावर बसून होता. "रिपोर्ट आजच द्या मॅडम, परत यायला जमत न्हाई." काचेवर मला वावगं काही दिसलं नाही.

"गाळ ठेवू?" चाचांनी विचारलं.

"फेका हो! प्रत्येकाचं खानदान काढत बसायचं का?"

चाचांनी नळी बेसिनमध्ये उपडी केली. कॅन्सरच्या पेशी नाहीत, असं लिहून मी सही ठोकली.

तीन महिन्यांनी बाईचं पोट पुन्हा भरलं. या वेळी मीच वडी करायला सांगितली. कॅन्सर होता, आणि चांगलाच पसरलेला.

"पहिल्या टायमाला कसं दिसलं न्हाई?" नवऱ्यानं विचारलं. लॅबचे मालक शेजारीच उभे.

चाचा पुढे झाले. "भाऊ, तेव्हा माझ्या हातून गाळ सांडला. गलती माझी."

मी तोंड उघडलं नाही. सांगायला लाज वाटते, पण मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

मालकांनी त्याच आठवड्यात चाचांना घरी बसवलं. डबा पिशवीत टाकत चाचा एवढंच म्हणाले, "गाळ राहू देत जा, बेटा." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बेटा म्हणाले.

चाचा लातूरला मुलीकडे गेले, तिथेच वारले. जाऊन माफी मागायची, असं मी दर महिन्याला ठरवायचे. नाही गेले.

परवा बसस्टँडवर तो नवरा भेटला. बायको गेली, म्हणाला. मग त्यानं चाचांची चौकशी केली. मी सांगितलं.

"वारले? लई भला माणूस. राग न्हाई बरं का माझा. वय झालतं, हात कापत असंल त्यांचा."

चाचांचा हात कधीच कापला नव्हता. मी म्हणाले, "हो, कापायचा."