एका शिरेचं तमालपत्र

या, अशा जवळ येऊन बसा बघू. दारात चपलांपाशी उभं राहून ‘काय, बरंय ना’ विचारायची ही कुठली पद्धत? आणि येता येता त्या कुंडीतलं पान चुरगाळून वास घेतलात ना? बघितलं मी. आमच्या वन्सं इथं असत्या तर तुम्हाला आज चहा मिळाला नसता. झाडांना माणसांसारखं वागवणाऱ्या बायका पुष्कळ असतील. पण माणसांना झाडांसारखं वागवणारी आणि तरी सगळ्यांना हवीहवीशी वाटणारी बाई अख्ख्या पुण्यात एकच, ती म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण.

ही कुंडी त्यांचीच. तमालपत्रच आहे, पण आपल्या मसाल्याच्या पुडीतलं नव्हे, विलायती. आपल्या पानात देठापासून तीन शिरा उभ्या जातात, ह्याच्यात मधोमध एकच. हा फरक कळला त्या दिवसापासून वन्संनी कुणाकडचा मसालेभात सरळ खाल्ला नाही. आधी पान शोधायचं, पुसायचं, उजेडाकडे धरायचं. एका मुंजीत तर भर पंगतीत त्यांनी आचाऱ्याला बोलावून घेतलं आणि पान त्याच्यापुढे धरून म्हणाल्या, “तीन शिरा.” तो म्हणाला, “केस नाही ना निघाला? मग जेवा.”

यजमान गेल्यावर वन्सं इथं कर्वेनगरला, आमच्या खालच्याच मजल्यावर राहायला आल्या. तेव्हा कुठं तरी हे झाड बघून आल्या आणि धायरीच्या एका रोपवाटिकेतून रोप घेऊन यायचं ठरवलं. मी सोबत होते. तिथला माणूस म्हणाला, “मावशी, थंड मुलखातलं झाड हाय. हितं जगंल का नाय, सांगता येत नाय.” वन्सं म्हणाल्या, “माझ्याबद्दलही सगळे हेच म्हणतात. द्या.”

आणि मग आपल्या बायका करतील तेच त्यांनी केलं. कुंडीतलं झाड म्हणजे तुळस! रोज आंघोळ झाली की ओलेत्या केसांनी तांब्याभर पाणी, वर हळदकुंकवाचं बोट. प्रदक्षिणा घातली नाही ती केवळ बाल्कनीत जागा नव्हती म्हणून. झाड पिवळं पडलं की ह्या म्हणायच्या तहानलंय, आणि आणखी एक तांब्या. शेवटी उपटून बघितलं तर मुळं कुजून काळी झालेली. ती वन्संनी हातात घेऊन एकेक चाचपून बघितली. मग म्हणाल्या, “मायेनं मेलं गं, कुसुम.”

दुसरं रोप आणलं ते हे. ह्याला मात्र माती पेरभर खोल कोरडी लागल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही. त्यासाठी मातीत बोट खुपसायची जी सवय लागली, ती काही आपल्या घरापुरती राहिली नाही. आमच्या इमारतीत हळदीकुंकवाला सगळ्याच बायकांना बोलावतात, यजमान गेलेल्यांनाही. तर कुणाकडे हळदीकुंकवाला गेल्या की आधी त्यांच्या कुंड्यांतून बोट फिरवायचं आणि मग तोच चिखलाचा हात पुढे करायचा. यजमानीण हळद लावणार कुठं? त्यांच्या मुलासाठी मुलगी बघायला गेलो तर पोहे यायच्या आत ह्या खिडकीतल्या मनीप्लँटपाशी. परत येताना रिक्षात निकाल दिला, “पाण्याचा हात सैल आहे, पण मुलगी चांगली आहे.” सून झाली ती.

उन्हाळ्यात दुपारच्या उन्हानं पानं करपू नयेत म्हणून यजमानांची काळी छत्री कठड्याला बांधून ठेवायच्या. पानांवर खवलेकीड धरली की जुन्या मलमलीच्या बोळ्यानं, साबणाच्या पाण्यानं, एकेक पान पुसायच्या, बाळाचं तोंड पुसावं तसं. बुडाशी फुटवा आला की शिवणाच्या कात्रीनं लगेच उडवायच्या. खोड एकच हवं आणि वर डोकं गोल. कात्रीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि झाड खांद्याला लागेपर्यंत पान तोडायचं नाही, म्हणून आम्ही वर्षानुवर्षं घरात झाड असून दुकानातलं पान टाकून मसालेभात खाल्ला. शेवटी पहिलं पान तोडलं, त्या दिवशी इमारतीतल्या सगळ्यांना जेवायला बोलावलं. पान सावलीत वाळवायला हवं होतं, ते कुणाला माहीत! भात चांगला कडवट झाला. वन्सं चारी ठाव जेवल्या आणि म्हणाल्या, “कडू नाही, ताजं आहे.”

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मुलगा येऊन त्यांना वाघोलीला घेऊन गेला. उंच इमारतीत घर आहे त्याचं, लिफ्ट आहे, सून जीव लावते. नावं ठेवायला जागा नाही. टेम्पोत सामान चढलं, कुंडी मात्र वन्संनी माझ्या दारात आणून ठेववली. मी म्हटलं, “अहो, ही नाही न्यायची?” म्हणाल्या, “तिथं बाल्कनीला काचा लावल्यात. वारा लागत नाही, कोंडून मरेल.” “मग तुम्ही?” “मला कुठं पानं आहेत?”

तेव्हापासून दर रविवारी व्हिडिओ कॉल येतो. “तुझं तोंड काय दाखवतेस, झाड दाखव.” मी फोन घेऊन कुंडीभोवती फिरते. ती राहिलेली प्रदक्षिणा आता मी घालते म्हणा ना. बोट घातलंस का, छत्री बांधलीस का, सगळं विचारून होतं. मी विचारते, कधी येताय? तर म्हणतात, “शहराच्या ह्या टोकाचं त्या टोकाला यायचं, आणि गुडघे हे असे. बघू.” खालच्या मजल्यावर आता दोन नोकरीवाली मुलं राहतात. चांगली आहेत, पण सकाळी कुणी खालून हाक मारत नाही.

ह्या पावसाळ्यात बुडाशी तीन फुटवे आलेत. परवा फोनवर त्यांच्या नजरेस पडले, तर केवढ्या ओरडल्या! “काढ आधी! खोडाचं बळ खातात ते!” मी म्हटलं, मला नाही जमायचं, कात्री तुमची आहे. आता तुम्हाला म्हणून सांगते, न जमायला काय झालं? जन्मभर शिवण केलंय मी. पण कापले तर मग त्यांना यायला कारण काय उरणार?

कात्रीला धार लावून ठेवलीय. पानंही नीट सावलीत वाळवलीत, भात कडू नाही व्हायचा. आता रविवारी फोन आला की म्हणणार आहे, वन्सं, फुटवे वीतभर झालेत हो. झाडाचं बळ चाललंय. मुलाला म्हणावं गाडी काढ, आणि या लवकर.