बारक्याचा भाव

आशागडच्या नर्मदाकाकींना एकटीला जेवण जात नाही. विचारून बघा, साफ नाकबूल करतील. "मला काय धाड भरलीय?" असं वर ऐकवतीलही. पण सदूकाका गेले, मुलगा जतीन कॅनडात जाऊन बसला आणि तेव्हापासून काकींचं ताट झाकलेलंच राहतं, हे खरं. जाताना जतीन एक पामेरियन कुत्री ठेवून गेला, राणी. "आई, तुला सोबत होईल." म्हणजे लेकाची जागा कुत्रीने भरायची! काकी रागाने महिनाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. मग बोलायला लागल्या, कारण दुसरं होतं कोण?

राणीला पहिल्या खेपेला चार पिल्लं झाली. अच्छाडला हायवेवर ढाब्याशेजारी पिंजरे मांडून नितीन कुत्री विकतो, तो ती घ्यायला आला. काकींनी पिल्लं कशी विकली म्हणाल? जन्मभर वाडीतले चिकू विकले तशी. मोठं फळ चढ्या भावाचं, मधलं त्याहून कमी, आणि बारक्याला कुठला आलाय भाव? ते फुकटात वर घालून द्यायचं. तिघांचे पैसे घेऊन मुठीत मावेल एवढं चौथं त्यांनी तसंच त्याच्या टोपलीत ठेवलं. "घे रे, हे वरचं." नितीनने बाइकला किक मारली.

पंधरवड्याने वापीहून विनिता नावाची तरुण बाई पत्ता काढत आली. ओटीवर बसली आणि रडायलाच लागली.

"काकी, मोठ्याच्या दुप्पट पैसे मोजून मी ते बारकं घेतलं. टीकप आहे, जन्मभर एवढंच राहणार, असं तो म्हणाला. आठवड्यात गेलं हो. डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा जिवाला दर दोन-तीन तासांनी भरवावं लागतं, नाहीतर अंगातली साखर उतरते. मला कुणी सांगितलंच नाही!"

काकींनी आधी नितीनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग एकदम आठवलं. त्या स्वतः त्या पिल्लाला कापसाच्या बोळ्याने सारखं दूध पाजत होत्या की! ठाऊक सगळं होतं, पण वर घातलेल्या फळाबद्दल कुणी दोन शब्द सांगतं का? त्या दिवशी त्यांना फार अपराधी वाटलं.

पुढच्या खेपेला राणीला पुन्हा एक तसंच झालं. नितीन हजर.

"काकी, बाकीची राहू द्या, बारकं द्या. दुप्पट देतो. आणि दूध जरा हात राखून पाजा. वाढलं की भाव पडतो."

"चालता हो! उपाशी ठेवून भाव वाढवतोस? मेल्या, तुझ्या आईने तुला हात राखून पाजलं असतं तर आज ही जीभ चालली असती का?"

त्यांनी पिल्लाचं नाव बारक्या ठेवलं आणि त्याला पदराखाली घेऊन वाढवलं. तो चाटून खायला लागला, तशा त्याही त्याच्याशेजारी ताट घेऊन बसायला लागल्या. दोन घास जास्त जायला लागले. एवढ्यात बारक्याची खबर लागून विनिताचा फोन आला. "मला एकदा संधी द्या. म्हणाल तेवढे पैसे देते."

द्यायचं मनात अजिबात नव्हतं. पण आपलं वय सत्तरीला टेकलेलं, बारक्याला अजून सगळा जन्म काढायचा. आणि त्या पोरीचं रडणं काकींच्या कानातून जात नव्हतं. त्यांनी तिला बोलावलं.

"मोठ्याच्या निम्मे दे. लहान म्हणून जास्त कशाला? पुढे तुलाच खर्च जास्त आहे. पण एक अट. तो धड वाढेपर्यंत त्याला भरवलंस की मला फोन करायचा. दर वेळी."

विनिता शब्दाची पक्की निघाली. फोन वाजायचा, "काकी, खाल्लं." काकी राणीकडे वळून सांगायच्या, "खाल्लं गं त्याने!" आणि मग स्वतःचं ताट वाढून घ्यायच्या. जतीनचा फोन सणासुदीला यायचा, हा दिवसातून कितीदा तरी. शेजारची जागृती थट्टा करायची, "काकी, तुमचा फोन म्हणजे कलेक्टर कचेरी झालाय!"

बारक्या वाढला. फोन दिवसाला तीन झाले, मग दोन. एक दिवस विनिता आनंदाने ओरडलीच, "काकी, राणीएवढा झालाय! डॉक्टर म्हणाले, आता काळजी नको. तुम्हालाही आता माझा त्रास नाही!"

"छान झालं गं बाई," काकी म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. अट त्यांनीच घातली होती आणि ती पुरी झाली होती. रोज करत जा, असं सांगायला तोंड उघडेना.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. काकींनी तो चार्जिंगला लावून पाहिला, मग काढला. ताट वाढलं, भात कालवला, घास घशाखाली ढकलत संपवला. राणी दारात बसून त्यांच्याकडे बघत होती.

"खाल्लं गं," काकींनी तिला सांगितलं.