तीन नावांचा एक अर्ज

प्रेमदास फौजींचा जाहीर सत्कार ही कल्पना माझी, आणि त्या सत्कारात त्यांना जवळजवळ मारण्याचं श्रेयही माझंच.

२००१ सालचा सव्वीस जानेवारी. वारंगा फाट्याजवळच्या तांड्यावर मी शाळेचा गुरुजी. आमच्याकडे शाल, नारळ, गुलाल आणि फटाक्यांची माळ यांतलं एक जरी कमी पडलं, तरी तो सत्कार धरत नाहीत. मी हजाराची माळ आणली आणि मान जवळून मिळावा म्हणून खुर्चीपासून चार हातांवर पेटवली. धूर सरळ खुर्चीकडे गेला. फौजी शालीसकट कोसळले, ओठ निळे पडले. पोरं मात्र टाळ्या वाजवतच राहिली. थांबा म्हणेपर्यंत वाजवायच्या, हे मीच शिकवलं होतं.

त्यांची बायको जिवनबाई पदरानं वारा घालत म्हणाली, "पाकिस्ताननं सोडलेलं मानूस, गुरुजी. तुमी काहून मागं लागले?"

संध्याकाळी माफी मागायला गेलो, तेव्हा सगळं कळलं. एकाहत्तरच्या लढाईत सरहद्दीजवळच्या एका डेपोवर बॉम्ब पडला. आत रसायनांची पिंपं पेटली आणि पिवळा धूर उठला. जखमी आतच होते. फौजी, जवळा बाजारचा जळबा आणि कळमनुरीकडचा सोनाजी, असे आपल्या भागातले तिघं तोंडाला ओला टॉवेल बांधून आत शिरले. अकरा जण बाहेर काढले. त्या अकरांची नावं विचारली, तर फौजी म्हणाले, "धुरात वळख कोन करून देतंय?"

त्यानंतर तिघांनाही खोकला लागला. जळबा ब्याण्णवला गेला, सोनाजी अठ्ठ्याण्णवला. नवरा लढाईनं मेला असा कागद त्यांच्या बायकांना, दोघींनाही, मिळाला नाही. म्हणून फौजींना अर्ज एकच करायचा होता, तिघांच्या नावानं. निकाल लागेल तो तिघांचा.

केलेल्या पापाची भरपाई म्हणून मी अर्ज लिहू लागलो. अक्षर माझं छान आहे. कचेऱ्यांना त्याचं कौतुक नसतं. दोन वर्षं गेली. तेवढ्यात फौजींचा आधी फाटा सुटला, मग विहीर, मग अंगण. "मुलुख कमी होऊन राहिला," ते हसून म्हणायचे, आणि हसणं पुरं व्हायच्या आधी दम संपायचा.

२००३ मध्ये उत्तर आलं: तिघांचाही आजार विडीच्या व्यसनाचा, लष्करी सेवेशी संबंध नाही. फौजेत राहून विडीला शिवला नाही, यावरून तांडा ज्याची आयुष्यभर टिंगल करत आला, त्या माणसाला हे उत्तर.

हिंगोलीच्या सैनिक कचेरीतल्या कारकुनानं मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता. हे मान्य आहे अशी सही आणा, म्हणाला, फाईल बंद होईल आणि आठ दिवसांत दवाखाना, ऑक्सिजन सगळं सुरू होईल. मी कागद घेऊन तांड्यावर आलो. सहीच्या जागी पेन्सिलीनं फुलीसुद्धा करून ठेवली होती.

फौजींनी कागद दोनदा वाचला. एकेका ओळीला थांबावं लागत होतं. जिवनबाई दारात उभी होती.

मी म्हणालो, "फौजी, खरं काय ते साऱ्या तांड्याला ठाऊक आहे. एका सहीनं काय बिघडतं? निदान श्वास तरी मिळेल."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि कागद माझ्या हातात परत दिला.

"माह्या सहीनं त्या दोघी बी बिडीवाल्यांच्या बायका व्हतील, गुरुजी."