बारडोलीचा आफ्रिकी बाज

पक्षी ओळखणं ही साधना आहे, असं आमच्या सुरतेच्या पक्षीमंडळाचे अध्यक्ष म्हणतात. साधनेची रीत सोपी आहे. पक्षी दिसला की सगळ्यांनी गप्प बसायचं. अध्यक्षांनी नाव सांगितलं की "हो, हो" म्हणायचं. मग खमण खायचं.

त्या हिवाळ्यात अध्यक्ष मुलाकडे नैरोबीला राहून आले. तिथला ऑगर बझर्ड नावाचा दांडगा बाज त्यांनी पाहिला होता आणि दर रविवारी तो आम्हाला ऐकवला जात होता: पोट पांढरं, शेपटी विटकरी, खांबावर बसून उंदरांवर नजर, वाऱ्याकडे तोंड करून हवेत जागच्या जागी तरंगणं.

उत्तरायणाचे पतंग उतरल्यावर आम्ही बारडोलीकडे गेलो. ऊसतोड चालू होती. उघड्या पडलेल्या फडावर एक पक्षी पंख मारत हवेत थांबला होता. पोट पांढरं, शेपटी विटकरी.

"ऑगर!" अध्यक्ष ओरडले. "भारतातली पहिली नोंद! आपल्या नावावर!"

आपल्या म्हणजे त्यांच्या. मंडळ "हो, हो" म्हणालं.

तेवढ्यात एक कावळा त्या पक्ष्यामागे लागला. दोघे जवळपास एका मापाचे.

"साहेब, ऑगर कावळ्यापेक्षा बराच मोठा असतो ना?" मी विचारलं.

"लांबून माप फसवं असतं. तुम्ही आफ्रिकेला गेलाय?"

गेलो नव्हतो. आफ्रिका न पाहिलेल्याला कावळ्याचंही माप कळत नाही, असं ठरलं.

परतल्यावर हॉल घेतला गेला, शाल-श्रीफळ आणलं गेलं, 'आफ्रिकेचा पाहुणा' या व्याख्यानाचा फ्लेक्स लागला. त्यावर अध्यक्ष मोठे होते, पक्षी खिशाएवढा. नोंद पाठवण्याआधी फोटो आमच्याच मंडळातल्या एका बाईंनी पाहिले. मांज्याने कापलेले पक्षी त्या घरी ठेवून बरे करतात.

"अगंबाई, ही तर माझी कापशी घार!" त्या म्हणाल्या. "पंख शिवून तिकडे सोडली होती. पुन्हा जखमी सापडली तर ओळखू यावी म्हणून पांढऱ्या शेपटीला पांडेसऱ्याच्या गिरणीतला कपडे रंगवायचा विटकरी रंग लावला. खूण करून सोडा, हा हुकूम तुमचाच ना, साहेब?"

नाव बाईंनी सांगितलं होतं, त्यामुळे "हो" म्हणायचं की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

अध्यक्षांनी विचारलं, "कापशी आफ्रिकेत असते?"

"असते की. भरपूर."

"झालं तर मग."

नोंद गेली नाही. व्याख्यान झालं, त्याच फ्लेक्सखाली. दोन खंडांना जोडणाऱ्या या पक्ष्याबद्दल अध्यक्ष गहिवरून बोलले. शाल घेतली, श्रीफळ घेतलं, मग नैरोबीचे सगळे फोटो दाखवले.

नैरोबीच्या आसपास कापशी विजेच्या तारांवर सहज बसलेली दिसते. त्या फोटोंत ती एकदाही नव्हती.