आनंदराव आप्पांच्या सायकलची करकर

तळेगाव ढमढेऱ्यात आनंदराव आप्पांना येत नाही असं एकही काम नाही. निदान आप्पांचं तरी तसं मत आहे. बोअर घेणाऱ्याला पाणी कुठं लागेल ते सांगतात, डॉक्टरला गोळी सुचवतात, मयताला गेले तर रचलेलं सरण उतरवून पुन्हा रचायला लावतात. विहिरीवरची मोटर त्यांनी स्वतः दुरुस्त करून दोनदा जाळली, पण दोन्ही वेळा चूक विजेची होती. त्यांच्या लेखी जगात दुखणी दोनच, तेल कमी पडणं आणि नट सैल होणं.

मी मल्हारी. बाजारतळाच्या रस्त्याला माझं सायकलचं दुकान आहे. त्याआधी नऊ वर्षं मी रांजणगावला एका कारखान्यात कंत्राटावर होतो. घडवलेल्या लोखंडी भागांना कुठं तडा गेलाय का, ते बघायचं माझं काम. गावाला त्याचं काय? गावाला मी पंक्चरवाला. आप्पांना तर मला नाव आहे हेही ठाऊक नसावं. रस्त्यातूनच 'ए हवा' अशी हाक मारायचे आणि मी उठून पंप घ्यायचो.

दोन वर्षांपूर्वी रांजणगावच्या कंपन्यांतले साहेब लोक रविवारी जाड टायरच्या सायकली घेऊन आमच्या बाजूला यायला लागले. तंग कपडे, काळे चष्मे, आणि दहा मैल सायकल मारली की जणू गड जिंकल्यासारखे चहा पीत फोटो काढायचे. मला ते लोक बघवत नव्हते. आप्पांना मात्र ते बघून राहवेना. चौसष्टाव्या वर्षी त्यांनी पुण्याहून तसली सायकल आणली. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला शॉकअप, चाकांना डिस्क ब्रेक. टोपीवरून हेल्मेट घालून ते घरापासून पारापर्यंत जायचे, पाराला एक वळसा मारायचे आणि परत. अख्ख्या गावाला सांगितलं की सायकल कोरी आहे. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं की ती वापरलेली आहे, आणि ज्यानं वापरली त्यानं ती टेकड्यांवरून उडवलेली आहे. चिमट्याच्या पायांवर दगडांचे ओरखडे होते. मी बोललो नाही. फजितीची वाट बघण्यातही एक मजा असते.

दिवाळीनंतर सायकल करकरायला लागली. ब्रेक दाबला की कर्र, खड्ड्यात गेली की कट्. आप्पांनी घरीच तिला तेल पाजलं. ते ओघळून खाली डिस्कवर गेलं आणि ब्रेक लागेनासा झाला. मग बाजारच्या दिवशी सायकल माझ्या दारात टेकवली. 'डिस्क पूस आन् आवाज काढून ठेव,' म्हणाले, आणि भाजी घ्यायला गेले.

डिस्क पुसली. पुढचा ब्रेक दाबून धरला आणि सायकल पुढंमागं हलवली. कर्र. हँडलचे नट आवळले, तरी कर्र. चाकाचा आस बघितला, हँडलखालच्या मानेतले छर्रे उघडून धुतले, बसवले, तरी कर्र. मग एका हातानं ब्रेक धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट चिमट्याच्या खांद्यावर टेकवलं. शॉकअपचे दोन पाय वर जिथं एकत्र येतात आणि जिथून मधली नळी मानेत शिरते, तो जोड. करकर तिथं बोटाला लागत होती.

चिमटा खाली उतरवला. त्या जोडाला रॉकेल लावलं, थोडा वेळ थांबून कोरडा पुसला आणि वरून खडू घासला. कारखान्यात औषधं होती, इथं खडू. लोखंड धड असेल तर खडू कोरडा राहतो. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू खडूवर उमटतं. पाच मिनिटांत नळीच्या बुडाशी केसाएवढी ओली रेघ आली. नळीला अर्ध्यापर्यंत वेढा घातलेली. असला चिमटा दुरुस्त होत नाही. तो भंगारात घालायचा आणि दुसरा बसवायचा.

आप्पा परत आले ते चारपाच जणांना घेऊन. शेजारच्या टपरीवर चहा सांगून झाला होता.

"आप्पा, ह्यो चिमटा बदलाया लागंल," मी म्हणालो. "कुणीतरी आधी लई आपटलेली..."

'आधी' हा शब्द ऐकल्याबरोबर आप्पांचा चेहरा तापला. कोऱ्या सायकलीला आधी कुठून आला?

"तू मला शिकवतो? पंक्चर काढनाऱ्यानं पंक्चर काढावं. ग्रीस भर, आवळ, आन् दे हिकडं."

चारपाच जण हसले. त्यात माझा चुलतभाऊ पप्पूही होता. माझ्या अंगाचा भडका उडाला. खडूवरची रेघ त्यांच्यापुढं धरायला एक क्षण पुरला असता. मी ती फडक्यानं पुसली.

"बरं," म्हणालो. ग्रीस भरलं, आवळलं, दिलं.

मनात म्हटलं, पाराला वळसा मारताना एक दिवस पडेल म्हातारा. पारासमोरच पडावा. लागणार काय, गुडघा खरचटेल. पण अख्खं गाव बघेल.

ग्रीसनं आवाज आठ दिवस दबला. त्या आठ दिवसांत आप्पांनी गावाला सांगितलं की करकर त्यांनी काढली.

नवव्या दिवशी सायकल घेऊन समृद्धी आली. आप्पांची नात, शिरूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. वाऱ्याला, चढाला न भिणारी पोर. त्या घरात मला मल्हारीकाका म्हणणारी ती एकटीच.

"काका, रविवारी स्पर्धा हाय. पयल्या तिघी जिल्ह्याला जानार. माळावरून सगळा दगडी उतार हाय म्हणून आप्पांनी त्यांची सायकल दिली. हवा भरून द्या."

माझा हात पंपावर होता. मी चिमट्याकडं बघितलं.

"थांब जरा. पुढचं चाक काढून एकदा बघतो," मी म्हणालो.

"न्हाई, न्हाई. आप्पा म्हणलेत, फकस्त हवा भरून घे. दुसऱ्या कशाला त्याला हात लावू देऊ नको, बिघडवंल."

ती हसत हसत बोलली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला ते शब्द असे लागले की तोंडात आलेलं सगळं मी गिळलं. बिघडवंल काय? मग तुमचं तुम्ही बघा. मी हवा भरली.

"उतारावर जपून जा," एवढंच म्हणालो. ती गेली.

रविवारी तिसऱ्या उतारावर नळी तुटली. पुढचं चाक चिमट्यासकट निघालं आणि समृद्धी तोंडावर दगडात गेली. समोरचे दोन दात गेले, गळ्याखालचं खांद्याकडचं हाड मोडलं. तेव्हा ती दुसऱ्या नंबरावर होती, असं लोक सांगतात.

सायकलीचे दोन तुकडे टेम्पोवाल्यानं माझ्याच दारात टाकले. सायकल म्हटली की आणायची इकडं. दोन दिवस ते तसेच पडून होते. मला त्यांना हात लावता येईना आणि घरात जेवण जाईना. आप्पांना मी आयुष्यभर हलकट समजत आलो. पण आप्पांना तडा दिसला नव्हता. मला दिसला होता.

तिसऱ्या दिवशी समृद्धीची आई सुषमा दवाखान्यातून कपडे न्यायला गावात आली. आप्पा बरोबर होते. ती माझ्या दाराशी थांबली, तुकड्यांकडं बघत राहिली. डोळे रडून सुजलेले.

"दादा, ही तुमच्याकडंच होती ना? तुम्हाला काय दिसलं न्हवतं?"

काय सांगायचं ते मी दोन दिवस घोकलं होतं. तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आप्पा बोलले. आवाजात नेहमीचा ताठा नव्हता.

"त्याला कशाला इचारती, सुषमा? मी म्हणलं ग्रीस मार, त्यानं मारलं. ह्यातलं त्याला काय उमगतंय? चूक माझी हाय."

आनंदराव आप्पांच्या तोंडून हे शेवटचे तीन शब्द ऐकावेत म्हणून मी किती वर्षं टपून बसलो होतो. आता ते आले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुषमानं पदरानं डोळे पुसले.

"माफ करा दादा," ती म्हणाली. "उगंच तुम्हाला बोलले. तुम्हाला तरी कसं कळनार."

मी होकारार्थी मान हलवली.