बारकी भाकरी

आमच्या पेठेत कोपऱ्यावर एक मेडिकलवाले आहेत. मागं कितीही माणसं खोळंबली तरी औषधाच्या नावाचं मूळ सांगितल्याशिवाय ते पाकीट हातात देत नाहीत. शाळेत शिकवून माझा घसा सारखा बसतो, म्हणून मी त्यांच्याकडून चघळायच्या गोळ्या न्यायची.

“बाई, हिला जुन्या लॅटिनात पास्टिलस म्हणायचे. म्हंजे बारकी भाकरी. औषध मळून भाकरीगत थापायचे की!” असं म्हणत ते हवेतच भाकरी थापून दाखवायचे.

गेल्या महिन्यात मात्र त्यांनी पुढं केलेलं पाकीट परत ओढून घेतलं.

“आवाज किती दिस असा हाय?”

“झाला असेल दीड महिना.”

“मग गोळी मिळायची न्हाय. घसा दाखवा आधी.”

“रविवारी जाते.”

“आत्ता चला.”

गिऱ्हाइकं उभी असताना त्यांनी शटर ओढलं आणि मला घशाच्या डॉक्टरांकडं नेलं. तिथल्या बाकावर त्यांनी एकाही औषधाचं मूळ सांगितलं नाही. नुसता चष्मा पुसत राहिले.

स्वरयंत्रावर गाठ होती. तिचा तुकडा तपासायला पाठवला. पुढचे चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. शेवटी गाठ साधी निघाली, तशी मी धावत दुकानात गेले.

त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला.

“आमच्या घरात उशीर झाला, बाई,” ते म्हणाले. “बायकोला सहा म्हैने मी गोळ्याच देत बसलो हुतो.”